ड्रॅगन बोटीत पहिल्यांदा बसताना

ड्रॅगन बोट म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब चिनी होडी, तिच्यात एक ढोलवालाही असतो. पहिल्या सरावाला नवखे सगळे ढोलाकडे कान लावून बसतात. तू तसं करू नकोस. नजर सर्वांत पुढच्या जोडीच्या वल्ह्यांवर ठेव. ढोलवालाही त्यांचीच लय धरतो. वीस जणांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत. नुसत्या दंडाच्या जोरावर बोट पळत नाही. ओढ कंबरेतून यायला हवी.

हाँगकाँगमध्ये शर्यतीच्या दिवशी, म्हणजे चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पंचमीला, झोंग्झी सगळीकडे मिळतात. बांबूच्या पानात बांधलेला चिकट भात. आत मुगाची डाळ, डुकराचं मांस, खारवलेल्या अंड्याचा बलक. फार चविष्ट, पण पोटाला जड, तेव्हा शर्यत संपल्यावरच खा.

आणि या दिवसामागची छू युआनची गोष्ट आधी वाचून ये. प्राचीन चीनमधल्या छू राज्याच्या या कवी-मंत्र्याने इ.स.पू. २७८ च्या सुमारास मिलुओ नदीत जीव दिला. त्याला शोधायला लोकांनी होड्या घातल्या आणि माशांनी देहाला तोंड लावू नये म्हणून पाण्यात भात टाकला, असं सांगतात. चीनमधल्या सूचौ शहराकडे मात्र हा दिवस वू झीशूच्या, म्हणजे प्राचीन वू राज्याच्या एका मंत्र्याच्या, नावाने पाळतात. म्हणून तिथे गेलास तर छू युआनवरून वाद घालू नकोस, त्यांची कथा ऐक.