मामांनी पॉलिसी दिली, आता काय करू?

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा, चाकणला नोकरी, हातात २८ हजार येतात. घरी आई आहे, ती माझ्यावरच अवलंबून. मामा विमा एजंट आहेत, त्यांनी गेल्या महिन्यात वर्षाला ५० हजार हप्त्याची २० वर्षांची पॉलिसी काढून दिली, विमा १० लाखांचा आणि शेवटी साधारण १८ लाख मिळतील म्हणाले. पॉलिसीचे कागद येऊन १२ दिवस झालेत. मित्र म्हणतात फसलास, एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम) करायची होतीस. मामांना दुखवायचं पण नाहीये.

उत्तर : अंक येईपर्यंत तुझी मुदत संपली असती म्हणून तुला मेलवर आधीच कळवलंय, इथे बाकीच्यांसाठी छापतेय, कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि बहुतेकांची मुदत तेव्हा उलटून गेलेली असते.

कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च, मेडिकल झाली असेल तर ती आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी पैसे मिळतात. अर्ज लेखी दे आणि पोच घे, तोंडी सांगून आलास तर उपयोग नाही.

परत कर असं का म्हणतेय? २० वर्षं ५०-५० हजार भरून १८ लाख म्हणजे वर्षाला जेमतेम ५.३ टक्के पडतात, आणि त्या १८ लाखांतला बोनसचा भाग (कंपनी नफ्यातून जाहीर करते तो) तर पक्काही नसतो. तेच पैसे पीपीएफमध्ये, म्हणजे पोस्टात-बँकेत निघणाऱ्या सरकारी बचत खात्यात, आजच्या ७.१ टक्क्यांनी (१५ वर्षं आणि पुढे ५ वर्षांची मुदतवाढ) २२ लाखांच्या वर जातात, दर बदलू शकतो हे खरं, पण फरक बघ. आणि १० लाखांचा विमा म्हणजे तुझा तीन वर्षांचा पगार, आईचं त्यात किती दिवस भागेल? मला सगळ्यात जास्त हेच खटकतं, एवढा हप्ता भरून विमाच तोकडा. साधा टर्म प्लॅन घे, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, ४०-५० लाखांचा. मुदत संपल्यावर त्यात काही परत मिळत नाही, म्हणून लोक नाक मुरडतात, पण म्हणूनच तो स्वस्त असतो.

एसआयपी कर पण लगेच नको. आधी तीन महिन्यांचा खर्च एफडीत बाजूला टाक आणि आईचा आरोग्य विमा बघ, नाहीतर पहिल्याच आजारपणात एसआयपी मोडावी लागते, तेही बाजार पडलेला असताना. मग ५०० रुपयांपासून निफ्टीचा इंडेक्स फंड (निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांत पैसे लावणारा), डायरेक्ट प्लॅन (मधे एजंट नाही, म्हणून खर्च कमी), आणि सात-आठ वर्षं न लागणारेच पैसे.

मामांना अर्ज द्यायच्या आधी भेट. त्यांचं कमिशन जाणार, ते ऑफिसातून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे, आणि टर्म प्लॅन त्यांच्याकडूनच घे की.