वाशीला जाण्याआधी

अगं, तुझी निवड झाल्याचं कळलं आणि इतकं बरं वाटलं ना, दिवसभर तेच डोक्यात होतं. प्रजनन आरोग्यावरची युवा परिषद आणि ती पण वाशीला, म्हणजे कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बर लोकल पकडलीस की पोचलीस. फोनवर म्हणालीस भाषण पाठ करतेय, ते नको करूस. भाषणं तिथे सगळ्यांकडे असतात. तू आपली केसपेपरची खिडकी घेऊन जा.

कुठली खिडकी ते तुला माहितीये. मी स्वतः बघितलंय, दोन महिने पाळी आली नाही म्हणून एक पोरगी ओपीडीत आली, मागे ही लाइन, शेजारच्या काकूपण त्यातच, आणि आतून मोठ्याने प्रश्न, "लग्न झालंय का?" ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, मग म्हणाली "पोटात दुखतंय", आणि पोटदुखीच्याच गोळ्या घेऊन घरी गेली.

कायदा तिच्या बाजूने आहे गं. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ ला सुधारला, आधी गर्भनिरोधक फेल गेलं तर फक्त विवाहित स्त्री आणि तिचा नवरा असं लिहिलेलं, आता कुठलीही स्त्री किंवा तिचा जोडीदार असं आहे. २०२२ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीतूनही अविवाहित बाईला वगळता येणार नाही. १८ पूर्ण असतील तर तिची एकटीची संमती पुरते, आईवडिलांची सही लागत नाही, नवऱ्याचीपण नाही. डॉक्टरने कायद्याने अधिकार नसलेल्या कुणाला तिचं नाव सांगितलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे आतल्या डॉक्टरचं तोंड कायद्याने बंद केलंय, पण तिची गोष्ट बाहेर खिडकीवरच फुटते! हे तू माईकवर बोल. आणि मागणी एकच कर, हा प्रश्न ओरडून विचारू नका, आत विचारा नाहीतर चिठ्ठीवर लिहून घ्या. आरोग्य खात्याचं कुणी आलेलं असेल तर चहाच्या वेळेला गाठून परत तेच सांग.

१८ च्या खालच्या मुलीचं मात्र वेगळं आहे, तिथे पालकांची संमती लागते, पॉक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं, त्यावर अंदाजाने काही बोलू नकोस. आणि इमर्जन्सी गोळीला कुणी गर्भपाताची गोळी म्हणालं (म्हणतातच) तर शांतपणे सांग की ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, बीज बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ त्याने पडत नाही. जायच्या आधी एकदा जवळचं मैत्री क्लिनिक बघून ये, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी असतं ते, कुठल्या दिवशी किती वाजता उघडं असतं, आत दार लावून बोलता येतं का, सगळं वहीत लिही.

आता एक मनावरचं सांगते. माझ्या पहिल्या परिषदेत मी एका मुलीची गोष्ट सांगितली, नाव नाही घेतलं पण चाळ सांगितली, ती कुठे कामाला आहे ते सांगितलं, खूप टाळ्या पडल्या. हॉलमध्ये तिच्या ओळखीचं कुणीतरी होतं. त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही, आणि तिचं काही चुकलं नाही, माझंच चुकलं. मी वर लिहिलेल्या मुलीचंसुद्धा ओढणीबिढणी काही सांगू नकोस, फक्त खिडकी सांग. दुसरी कुणाची गोष्ट घेणार असशील तर आधी तिला विचार, हो म्हणाली तरी वस्ती आणि कॉलेज बदल. तुझ्यावर कुणी स्वतःचा अनुभव सांगायचा आग्रह धरला तर नाही म्हण, कारण द्यायची गरज नाही.

घरी आईला विषय काय आहे ते नीट सांगून जा, मागाहून दुसऱ्याकडून कळलं तर तिला जास्त लागेल. हवं तर मी येते बोलायला.

आल्यावर सोमवारी संध्याकाळी ये, मुलींना बोलावून ठेवते. त्या पहिलं हेच विचारतील की खिडकीचं काय झालं. उत्तर मिळालं नसेल तर तसंच सांग, लगेच अर्ज लिहायला बसू.

तुझी ताई