गाडीतला अॅम्प: वॉट नंतर विचारा, आधी फ्यूज कुठेय ते बघा

चतुर्थी जवळ आली की गाडीत अॅम्प (आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर) आणि सबवूफर (खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर, म्हणजेच सब) बसवायची घाई सुरू होते. यंदाही डिचोलीपासून काणकोणपर्यंत सगळीकडून तेच तेच प्रश्न आलेत, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं एकदाच देऊन टाकतो.

3000 वॉटचा अॅम्प स्वस्तात मिळतोय. माझा सब 300 वॉट आरएमएसचा. घेऊ का? (म्हापसा)

खोक्यावरचा तो 3000 विसरा. तो मॅक्सचा आकडा, विकण्यासाठी छापलेला. आरएमएस (सतत देता येणारी पॉवर) किती आणि किती ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरच्या अडथळ्याचं माप), तेवढंच विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर अॅम्पच्या कडेला लावलेला फ्यूज बघा. 30 अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर 13.8 व्होल्टने गुणून आत जातात 414 वॉट, आणि क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) असला तरी त्यातले 80 टक्के धरा, म्हणजे 330 च्या आसपास बाहेर येणार. क्लास एबी असेल तर अजून कमी. मग 3000 येतात कुठून? पैसे द्यायच्या आधी मॉडेल नंबर कुणा जाणकाराला दाखवा.

दरवाजातल्या स्पीकरना अॅम्प लागतोच का? (पणजी)

नाही. आहे तो आवाज पुरतोय ना, मग राहू दे.

माझ्याकडे ड्युअल 4 ओहमचे (प्रत्येकात 4 ओहमच्या दोन कॉइल) दोन सब आहेत, मोनो (एकाच चॅनलचा) अॅम्प 2 ओहमपर्यंत चालतो, त्याखाली नाही. दुकानदार म्हणतो सगळं पॅरलल जोडा, जास्त ठोकेल. (वास्को)

जोडू नका. चारही कॉइल पॅरलल (सगळ्यांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र) केल्या की लोड होतो 1 ओहम, तो तुमच्या अॅम्पला झेपणार नाही, तापेल, प्रोटेक्टचा लाइट लागेल आणि एक दिवस जळेल. प्रत्येक सबच्या दोन कॉइल सिरीजमध्ये (एकीमागून एक) घ्या म्हणजे 8, मग दोन्ही सब पॅरलल, म्हणजे 4 ओहम. या जोडीतून 2 ओहम निघतच नाही, कितीही उलटसुलट जोडलं तरी. पॉवर थोडी कमी मिळेल, मिळू दे. अॅम्पला लावायच्या आधी मल्टिमीटरने मोजून घ्या. मीटर 4 पेक्षा थोडं कमी दाखवतो, ते बरोबर आहे, पण 1 च्या जवळ दाखवला तर तिथेच थांबा.

मिस्त्री म्हणतो अॅम्पला फ्यूज आहेच, बॅटरीजवळ वेगळा कशाला. आणि ऑनलाइन ‘4 गेज’ (गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप) किट एकदम स्वस्त मिळतंय, चालेल? (फोंडा)

दोन्ही नाही, आणि हे नीट वाचा.

अॅम्पवरचा फ्यूज अॅम्पसाठी. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी. बॅटरीपासून वायर निघते ती बॉनेटमधून, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून, कार्पेटखालून डिकीपर्यंत जाते. त्या भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसवायचं कडं) नसेल तर आपल्या रस्त्यांवर धक्के खाऊन खाऊन पत्र्याची धार इन्सुलेशन कापते आणि जिवंत तार बॉडीला लागते. अशा वेळी बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, अख्खी वायर लाल होते, आणि डिकीतल्या अॅम्पच्या फ्यूजला काही कळतही नाही कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे झालाय. गाड्या अशा पेटतात. म्हणून फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, म्हणजे आतच. अॅम्पवरचे फ्यूज मिळून 60 अँपिअर होत असतील तर इथेही 60 चा. उडाला म्हणून त्याच्या जागी 100 चा घालू नका आणि तार तर गुंडाळूच नका.

आता किट. स्वस्त किटमधली वायर बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असते, ती त्याच जाडीत तांब्याच्या साधारण 60 ते 65 टक्केच करंट नेते. वर कव्हर जाड, आत धातू कमी. खऱ्या 4 गेजमध्ये 21 स्क्वेअर एमएम तांबं असतं. टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं की परत करा. आणि आपल्याकडची हवा खारी, त्यात चार महिने पाऊस. पावसाळ्यानंतर सीटखालचं कार्पेट उचललं की हेच दिसतं: टर्मिनलच्या स्क्रूपाशी पांढरी पूड, तारेचे धागे बोट लावताच तुटतात, शेजारचं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालेलं. सांधा सैल झाला की तापतो, तापला की अजून सैल होतो. पैसे वाचवायचे तर सब छोटा घ्या, वायरमध्ये वाचवू नका. ज्यांनी आधीच बसवलंय त्यांनी चतुर्थीपर्यंत थांबू नका, बॉनेट आजच उघडा, बॅटरीजवळ फ्यूज दिसला नाही तर अॅम्पची वायर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या आणि मगच गाडी चालवा.

इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून कुंऽऽई आवाज, रेस दिली की वाढतो. (मडगाव)

दहातल्या नऊ वेळा अर्थिंग. अर्थची वायर आखूड, पॉझिटिव्हएवढीच जाड, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्ट केलेली हवी. आरसीए केबल (स्टिरिओतून अॅम्पला सिग्नल नेणारी) पॉवरच्या वायरबरोबर एकाच बाजूने नेली असेल तर दुसऱ्या बाजूने घ्या. हे दोन्ही तपासल्याशिवाय कुणी नॉइज फिल्टर विकायला लागला तर घेऊ नका.

गेन फुल ठेवला तर जास्त वाजेल ना? (पेडणे)

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलशी अॅम्प जुळवायचं बटण. फुल ठेवला की आवाज फाटतो. आवाज फाटला की कॉइल जळते, सेटिंग बसवणाऱ्याकडूनच करून घ्या.

गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन. अॅम्प बसवल्यापासूनच. (साखळी)

रिमोटची वायर (अॅम्प चालू-बंद करणारी) स्टिरिओच्या रिमोटला न लावता कायमच्या पॉझिटिव्हला लावलेली असणार, अॅम्प बंदच होत नाही. गाडी बंद करून अॅम्पचा लाइट बघा. चालू दिसला तर बसवणाऱ्याकडे परत न्या. बंद असेल तर बॅटरीही तपासून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीत सब बसवता येईल का? (पर्वरी)

येतो, पण आधी सर्व्हिस सेंटरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तिथे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) नसतो, 12 व्होल्टची बॅटरी कन्व्हर्टरवर चार्ज होते आणि त्याला मर्यादा असते. कंपनीची वायर कापून जोडणाऱ्याला गाडी देऊ नका, कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) वापरतो का ते विचारा. नारिंगी केबलला तर कुणालाच हात लावू देऊ नका, तिच्यात जीवघेणं व्होल्टेज असतं.