२६ नोव्हेंबरच्या फलकाविषयी

नौपाडा, ठाणे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात गेलेल्यांसाठी तलावपाळीवर होणाऱ्या श्रद्धांजली कार्यक्रमाकरिता तू तयार केलेला फलकाचा मसुदा आणि सोबतचे पत्र, दोन्ही मिळाले. मंडळाने हे काम तुझ्यावर सोपवले याचा आनंद आहे. मसुदा मात्र मला पटला नाही. का पटला नाही ते सविस्तर लिहितो, कारण इतकी वर्षे लोटल्यावर लोकांचा निर्धार टिकवायचा कसा, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही मला त्यातच दिसते.

फलकाचा वरचा सगळा पट्टा शुभेच्छुकांच्या छायाचित्रांनी भरला आहे, त्याखाली धुराने वेढलेला ताजचा घुमट आहे आणि तळाशी तीन पोलीस अधिकारी आहेत. शुभेच्छुक आधी काढून टाक. श्रद्धांजलीला शुभेच्छा कसल्या? वर्गणी दिली असेल तर पावती फाडावी, तेवढे पुरे. करकरे, कामटे आणि साळसकर हे त्या रात्री मारले गेलेले तीन अधिकारी फलकावर हवेतच. पण कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत त्या तिघांच्या ज्या क्वालिस गाडीवर गोळीबार झाला, तिच्या मागच्या बाजूला पोलीस शिपाईही बसले होते आणि त्यांपैकी एकच जण वाचला. उरलेल्यांची नावे आपल्या ठाण्यात किती जणांना सांगता येतील, हे एकदा विचारून पाहा. ताजचेही तसेच. ते हॉटेल तीन दिवस दूरचित्रवाणीवर दिसत राहिले, म्हणून तेच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात त्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या १६६ जणांपैकी सर्वाधिक, म्हणजे ५८ माणसे, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गेली. त्यांतली कितीतरी जण बोचकी-पिशव्या पायाशी ठेवून लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत होती. ज्या स्थानकात ठाण्याची माणसे रोज सकाळी उतरतात, तेथेच हे घडले. मग त्याचे चित्र आपल्या फलकावर का नसावे? शिवाय किनाऱ्यावर येण्याआधी अतिरेक्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावली आणि तिच्यावरच्या खलाशांना ठार मारले, तेही विसरू नकोस. खाडीकाठच्या आपल्या कोळीवाड्यांतील लोकांना ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागणार नाही.

आता तुकाराम ओंबळे यांच्याविषयी थोडे. साताऱ्याकडच्या केडंबे गावचा हा माणूस सैन्यातील नोकरी संपवून मुंबई पोलिसांत आला आणि त्या रात्री सहायक उपनिरीक्षक म्हणून गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर उभा होता. अडवलेल्या मोटारीपाशी ते हातात केवळ लाठी घेऊन गेले, आतल्या अजमल कसाब या अतिरेक्याच्या रायफलची नळी त्यांनी धरली आणि गोळ्या अंगात घुसत असतानाही ती सोडली नाही. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. भाषणांत हा प्रसंग येथेच संपतो, परंतु मला त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. आपला सहकारी समोर कोसळलेला असताना आणि सूड घेण्यापासून अडवणारे कोणी नसताना, त्या पोलिसांनी कसाबला जिवंत ताब्यात घेतले आणि रुग्णालयात पोहोचवले. तो जिवंत सापडला म्हणूनच हा कट पाकिस्तानात कसा शिजला, प्रशिक्षण कोणी दिले आणि ही दहा माणसे समुद्रमार्गे कशी आली, हे न्यायालयात पुराव्यानिशी मांडता आले.

आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात शेकडो साक्षीदार उभे राहिले. स्थानकावर पायाला गोळी लागलेली एक शाळकरी मुलगी कुबड्या घेऊन आली आणि तिने कसाबला ओळखले. त्या रात्री प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रियांना सुरक्षित खोलीत हलवून दार लावून घेणारी कामा रुग्णालयातील परिचारिकाही साक्षीला आली. मे २०१० मध्ये कसाबला फाशीची शिक्षा सुनावली गेली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष सुटका झाली, हे मात्र आपल्या सभांमध्ये कोणी सांगत नाही. निकालाच्या विश्वासार्हतेत त्या सुटकेचाही वाटा आहे, असे माझे मत आहे. या कटातील आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणायला एप्रिल २०२५ उजाडले. तोपर्यंत कोणीतरी त्या फायली सांभाळत, कागद पाठवत आणि सुनावण्यांना हजर राहत होते. राष्ट्राचा निर्धार म्हणून मला ही चिकाटी दाखवावीशी वाटते. घोषणा द्यायला हरकत नाही, पण घसा बसला की त्या संपतात.

याची दुसरी बाजूही तुला ठाऊक असावी. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी गेले; त्यांतला एक स्फोट मीरा रोड-भाईंदर भागात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात झाला. २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवण्यात आले आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मात्र एकोणीस वर्षांनंतर ‘मग हे केले कोणी?’ असा प्रश्न ज्या घरांपुढे पुन्हा उभा राहिला, त्यांच्याकडे ‘मुंबईचे स्पिरिट’ हा शब्द घेऊन जायला तोंड कुठे आहे? दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा लोकलमध्ये चढले ते पोटासाठी. त्याचे कौतुक करून तपासातील उणिवा झाकता येत नाहीत.

कार्यक्रमात कोणी एखाद्या समाजाकडे बोट दाखवू लागला, तर सूत्रसंचालक म्हणून तू त्याला तेथेच थांबव. मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना आपल्या जमिनीत पुरू देणार नाही, असे मुंबईतील मुस्लिम कब्रस्तानाच्या विश्वस्तांनीच सांगितले होते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये ज्या २६ जणांचे प्राण गेले, त्यांत पर्यटकांसाठी पुढे झालेला एक स्थानिक घोडेवालाही होता.

पहलगामच्या त्या २६ जणांत तिघे डोंबिवलीचे आणि एक पनवेलचे होते. ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले, पुढे जुलैमध्ये श्रीनगरजवळ ते हल्लेखोरही मारले गेले, तरी त्या घरांतील माणसांना अजून रोजचा दिवस काढायचाच आहे. त्यांना व्यासपीठावर आणण्याचा तुझा विचार मला धोक्याचा वाटतो. आधी ओळखीच्या माणसाकरवी विचार, नकार आला तर पुन्हा विचारू नकोस, आणि होकार आला तरी तो प्रसंग पुन्हा सांगायला लावू नकोस. पुष्पगुच्छ देतानाचे छायाचित्र नको. शाल-श्रीफळ तर मुळीच नको.

शेवटी मंडळातल्या मुलांसाठी एक काम सुचवतो. सभेनंतर त्यांना नागरी संरक्षण दलाच्या प्रशिक्षणाची माहिती करून दे. रक्तस्राव कसा थांबवावा, बेवारस बॅग दिसली तर ती न हलवता कोणाला कळवावे, हे प्रत्येकाला आले पाहिजे. आणि उद्या कोणत्याही गुन्ह्यात पोलिसांनी पंच म्हणून बोलावले, तर आपल्याकडची सुशिक्षित माणसे काढता पाय घेतात, तसे तुमच्यापैकी कोणी करू नये. पंचनामा शब्दन् शब्द वाचावा, डोळ्यांनी जे पाहिले तेवढ्याखालीच सही करावी, आणि काही वर्षांनी न्यायालयाचे समन्स आले की नोकरीवर रजा टाकून साक्षीला जावे.

तुझे सर