‘क्यूब काढा’ की ‘क्यूब काढून टाका’?

प्रश्न असा आहे: क्यूब्स ओएस ही वेगवेगळी कामं वेगळ्या कप्प्यांत ठेवणारी, सुरक्षेवर भर देणारी ऑपरेटिंग सिस्टिम. तिची मराठी मार्गदर्शिका लिहिताना नको असलेल्या व्हर्च्युअल मशीन (संगणकातले आभासी संगणक), म्हणजे तिथल्या भाषेत ‘क्यूब’, डिलीट करण्याचा भाग आला. तिथे ‘हटवा’ लिहावं, ‘पुसा’, ‘मिटवा’, की सरळ ‘काढा’?

‘काढून टाका’ लिहा, आणि त्यातला ‘टाका’ गाळू नका. मराठीत ‘काढणे’ दोन्ही बाजूंनी चालतं. डाग काढतात, काटा काढतात. पण चित्रही काढतात, दुकान काढतात, बँकेत खातं काढतात. ‘बँकेच्या कामासाठीचा क्यूब काढा’ हे वाचून कुणी नवा क्यूब तयार केला, तर चूक वाचणाऱ्याची नाही. ‘काढून’च्या पुढचं क्रियापद अर्थ पक्का करतं: काढून घेणे, काढून ठेवणे, काढून टाकणे. यातली दोन या मार्गदर्शिकेत अगदी चपखल बसतात. आधी हव्या त्या फायली दुसऱ्या क्यूबमध्ये काढून ठेवा, मग क्यूब काढून टाका.

‘मिटवा’ इथे हिंदीतून आलं आहे. मराठीत डोळे मिटतात, भांडण मिटवतात. फाईल मिटवत नाहीत. ‘हटवा’ फोनच्या मेनूंमुळे डोळ्यांना सवयीचं झालंय, त्यामुळे कळतं सगळ्यांना. तरी अतिक्रमण हटवतात, गर्दी हटवतात, म्हणजे ती गोष्ट जागेवरून सारली जाते, नाहीशी होतेच असं नाही. ‘पुसा’ जास्त फसवं आहे. पाटी पुसली तरी पाटी राहते. इथे पाटीच जाते. शिवाय ‘पुसलं’ म्हटलं की डिस्कवरचा मजकूर खोडला गेला असं वाटतं, आणि तसं होत नाही. क्यूब काढून टाकला की त्याची जागा साठ्यात परत मोकळी होते, तिच्यावर दुसरं काही लिहून मजकूर खोडला जात नाही. तो परक्याच्या हाती लागू नये ही जबाबदारी अख्ख्या डिस्कच्या एन्क्रिप्शनची. सुरक्षेसाठीच जी प्रणाली घेतली, तिच्या मार्गदर्शिकेत एवढा फरक शब्दाने सांभाळलाच पाहिजे.

नेमकं काय जातं, तेही क्यूबच्या जातीवर ठरतं. साधा अॅप क्यूब टेम्प्लेटवर, म्हणजे प्रोग्रॅम बसवलेल्या मूळ साच्यावर, उभा असतो. प्रोग्रॅम टेम्प्लेटमधून येतात, त्याचं स्वतःचं असतं ते खासगी साठवण, म्हणजे होम फोल्डर वगैरे. काढून टाकल्यावर तेवढंच जातं, टेम्प्लेटला धक्का लागत नाही. स्टँडअलोन, म्हणजे टेम्प्लेटवर न टेकलेल्या, क्यूबची मात्र रूट साठवणही (प्रणाली आणि प्रोग्रॅम) स्वतःची असते, तीही जाते.

आता शेजारचे शब्द, कारण खरा घोळ तिथे होतो. शटडाउनला ‘बंद करा’. किलला ‘मारा’ नको, ‘सक्तीने बंद करा’ लिहा. मारलेलं परत उठत नाही. किल केलेला क्यूब यादीत तसाच राहतो आणि पुन्हा सुरू होतो, जातं ते फक्त सेव्ह न केलेलं काम. डिस्पोजेबल, म्हणजे एकदा वापरून टाकायचा, क्यूब काढून टाकावा लागत नाही. ज्या प्रोग्रॅमसाठी तो उघडला, तो बंद झाला की क्यूब ‘नाहीसा होतो’. तिथे अकर्मक क्रियापदच हवं, म्हणजे वाचणारा बटण शोधत बसणार नाही.

सगळ्यात अडवणारा शब्द एका एररमध्ये आहे. क्यूब बंद केला, डॉम-झीरोच्या (सगळे क्यूब सांभाळणाऱ्या मुख्य भागाच्या) टर्मिनलमध्ये ‘क्यूव्हीएम-रिमूव्ह’ ही आज्ञा आणि क्यूबचं नाव दिलं, तरी उत्तर येतं की डोमेन, म्हणजे तो क्यूब, ‘इन यूज’ आहे. ‘वापरात आहे’ असं भाषांतर केलं तर वाचणारा म्हणेल, अहो, बंद तर केलाय! म्हणून ‘अजून गुंतलेला आहे’ लिहा. क्यूब चालू नसतो, पण दुसऱ्या कुणाच्या तरी सेटिंगमध्ये त्याचं नाव असतं: कुणाचं टेम्प्लेट म्हणून, कुणाचा नेट क्यूब (नेटवर्क पुरवणारा) म्हणून, कुणाचा डीफॉल्ट डिस्पोजेबल म्हणून, किंवा ग्लोबल सेटिंगमध्ये. कुठे गुंतलाय ते डॉम-झीरोमध्ये क्यूब्सडी या मागे चालणाऱ्या सेवेच्या जर्नलमध्ये, म्हणजे नोंदींत, दिसतं. त्या त्या ठिकाणी दुसरं नाव द्यायचं, म्हणजे क्यूब ‘मोकळा करायचा’, आणि मग काढून टाकायचा. जुनं फेडोरा (लिनक्सचा एक प्रकार) टेम्प्लेट काढून टाकताना हमखास राहून जातो तो ‘डीफॉल्ट-एमजीएमटी-डीव्हीएम’ हा क्यूब. तो अंतर्गत असल्याने क्यूब मॅनेजरच्या (क्यूब सांभाळायच्या खिडकीच्या) यादीत एरवी दिसत नाही, आणि टेम्प्लेट धरून बसलेला असतो. टेम्प्लेट पॅकेज मॅनेजरने (प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाने) बसवलंय अशी तक्रार आली, तर त्या टेम्प्लेटची ‘इन्स्टॉल्ड-बाय-आरपीएम’ ही सेटिंग आधी ‘फॉल्स’ करावी लागते.

क्यूब मॅनेजरमधून काढून टाकताना खिडकी उघडते आणि क्यूबचं नाव जसंच्या तसं टाइप करायला लावते. तिथे नुसतं ‘खात्री आहे का?’ पुरणार नाही. ‘या क्यूबमधला सगळा डेटा जाईल. काढून टाकायचा असेल तर खाली त्याचं नाव लिहा’ असं सरळ लिहा. मेनूत मृत क्यूबच्या नोंदी रेंगाळल्या, तर त्या डॉम-झीरोच्या होम फोल्डरमधल्या ‘लोकल, शेअर, अॅप्लिकेशन्स’ या वाटेवर, नावात त्या क्यूबचं नाव असलेल्या फायली असतात. त्याही काढून टाकायच्या.

‘नको असलेले’च्या जागी ‘नकोसे’ लिहू नका. नकोसा म्हणजे जीव विटवणारा. हे क्यूब बिचारे फक्त विनावापर पडून असतात. लिंग पुल्लिंगीच ठेवा: तो क्यूब, ते क्यूब, क्यूबला, क्यूबमध्ये. टेम्प्लेट नपुंसकलिंगी. त्यामुळे ‘तो काढून टाकला’ आणि ‘ते काढून टाकलं’ यांत काय गेलं, हे सर्वनामावरूनच कळतं.