आधी गाड्या, मग रूळ

प्रश्न : दहा बाय दहा फुटांची खोली रेल्वे मॉडेलसाठी मोकळी आहे. स्केल एचओ (खऱ्याच्या १/८७ आकाराचं). दोनदा लंबगोल लेआउट केला, पण गाडी नुसती फिरत राहते आणि आठवड्यात मन उडतं. आता नाशिकरोडसारखं स्टेशन करायचं आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, इंदिरानगर

गाडीला काही कामच नसेल तर मन उडणारच. खऱ्या स्टेशनातली प्रत्येक लाइन कुठल्या तरी कामासाठी टाकलेली असते. ते काम कळल्याशिवाय कागदावर रूळ काढू नका.

नाशिकरोडला प्लॅटफॉर्म तिकीट काढून दोन तास बसा. वहीत रकाने पाडा : वेळ, दिशा, लाइन क्रमांक, इंजिनाचा वर्ग, डबे, गाडी थांबली की थेट गेली, आणि थांबली तर किती मिनिटं. रूळ ओलांडायची काही गरज नाही, सगळं प्लॅटफॉर्मवरून दिसतं. मालगाडी लूपमध्ये (मेन लाइनला दोन्ही टोकांनी जोडलेल्या बाजूच्या लाइनीत) घेऊन मेल पुढे काढली, असं दिसलं तर खाली रेघ मारा. त्या लूपची लांबी आणि जागा याच कामावरून ठरलेली असते. मग स्वतःच्या लेआउटसाठी सात-आठ हालचालींची यादी करा. त्या यादीतल्या एकाही हालचालीला न लागणारा पॉइंट (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर नेणारा सांधा) विकत घेऊ नका.

आता मापं. भारतीय रेल्वेवर लूपमध्ये गाडी उभी करायची प्रमाण लांबी बराच काळ ६८६ मीटर राहिली. एचओ म्हणजे १:८७, म्हणून ती ७.९ मीटर होते. तुमची भिंत तीन मीटरची. त्यामुळे अख्खं नाशिकरोड विसरा आणि लासलगावच्या धर्तीचं स्टेशन घ्या : दोन मेन लाइन, एक लूप, एक मालधक्का. दोन्ही टोकांना पडद्याआड दोन-तीन लाइनींचं यार्ड ठेवा, गाड्या तिथून येतील आणि तिथेच जातील. लेआउट भिंतीलगत ६० सें.मी. रुंदीचा करा. हात ७५ सें.मी.च्या पलीकडे पोचत नाही आणि गाडी घसरते ती नेमकी तिथेच.

आयसीएफ डबा (प्रवासी डब्याचा एक प्रकार) एचओमध्ये २४५ मि.मी. भरतो, डब्ल्यूएपी-७ इंजिन २३६. चार डबे आणि इंजिन मिळून, कपलिंगची जागा धरून, सव्वा मीटर. दोन्ही बाजूंना दहा-दहा सें.मी. सोडा. शिवाय मध्यम पॉइंटच्या जिभेपासून फाउलिंग मार्कपर्यंत (ज्याच्या आत उभी गाडी शेजारच्या लाइनीला अडत नाही ती खूण) ३० ते ३५ सें.मी. जातात, तेही दोन्ही टोकांना. लूप सव्वादोन मीटरच्या घरात गेला. वळणाची त्रिज्या ७५ सें.मी. धरली तर भिंतीवर सरळ दीडच मीटर उरतात, म्हणून लूपचं एक टोक कोपऱ्याच्या वळणात न्या. ही ७५ सें.मी.ही आयसीएफ डब्याच्या लांबीच्या तिप्पट आहे. बाजारातल्या सेटची ४५ सें.मी.ची वळणं एवढ्या लांब डब्यांना नकोत. सर्वांत जास्त फसगत फाउलिंग मार्कपाशी होते. नकाशावर लूप पॉइंटपासून पॉइंटपर्यंत मोजला जातो, आणि मग उभ्या गाडीचा शेवटचा डबा शेजारच्या लाइनीवर घासतो. शेजारून एक डबा हाताने ढकलून बघा आणि तो जिथे स्पर्श न करता निघतो तिथे रंगाचा ठिपका द्या. लूपची खरी लांबी दोन ठिपक्यांमधलीच.

मालधक्क्याबद्दल आग्रहाने सांगावंसं वाटतं. परदेशी मॉडेलकारांच्या आराखड्यांत एकेक वाघीण (मालडबा) वेगवेगळ्या साईडिंगवर (माल भरण्या-उतरवण्याच्या बाजूच्या लाइनीवर) लावायचं शंटिंग असतं. आपल्याकडे आज माल अख्ख्या रेकने, म्हणजे एकत्र जोडलेल्या वाघिणींच्या पूर्ण गाडीने, जातो. कांद्याची रेक आली की ती पूर्ण धक्क्याला लागते. धक्का अपुरा असेल तर रेक तोडून दोन लाइनींवर लावतात. म्हणून तुमची साईडिंग पूर्ण रेकएवढी हवी. एचओमध्ये बीसीएन (बंद प्रकारची) वाघीण १६६ मि.मी. आहे, सहा वाघिणींना एक मीटर. साईडिंग मेन लाइनला न जोडता लूपला जोडा आणि तोंडाशी डिरेलिंग स्विच दाखवा. चुकून घरंगळलेली वाघीण मेन लाइनवर जाऊ नये म्हणून तो असतो. साईडिंग एका बाजूने बंद असेल तर पुढे जोडलेलं इंजिन आत अडकतं. म्हणून आत शिरण्याआधीच त्याला सुटून रेकच्या दुसऱ्या टोकाला यावं लागतं आणि त्यासाठी लूप मोकळा लागतो, म्हणजे त्या वेळी लूपमध्ये दुसरी गाडी घेता येत नाही. स्टेशन मास्तरचं खरं डोकं इथे लागतं, आणि खेळाची गोडीही इथेच आहे. एकेक वाघिणीचं शंटिंगच आवडत असेल तर व्हॅक्यूम ब्रेक आणि चारचाकी वाघिणींचा जुना काळ निवडा. जागाही कमी लागेल.

मालधक्क्याला जागाच निघाली नाही तर पार्सल गाडी ठेवा. पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला सुटली. पार्सल व्हॅन प्लॅटफॉर्मवरच भरते, वेगळी साईडिंग लागत नाही.

वेगही खरा ठेवा. १ इन १२ च्या (दर १२ ला १ असा कोन असलेल्या) पॉइंटवरून लूपमध्ये गाडी सहसा ताशी ३० कि.मी.ने घेतात. एचओमध्ये एक मीटर कापायला साडेदहा सेकंद. घड्याळ लावून एकदा चालवा. बहुतेकांची गाडी तिप्पट वेगाने लूपमध्ये शिरते आणि पॉइंटवर घसरण्याचं निम्मं कारण तेच असतं.

प्रश्न : कसारा-इगतपुरी घाट करतो आहे. चढ किती ठेवावा? मागून बँकर (गाडी रेटणारं जादा इंजिन) लावला की मधले डबे रुळावरून उतरतात.
– एक वाचक, देवळाली कॅम्प

थळ घाटाचा, म्हणजे याच कसारा घाटाचा, खरा चढ १ इन ३७ (३७ मीटरला १ मीटर) आहे आणि मॉडेललाही तो चालतो. दहा सें.मी. उंची गाठायला ३ मीटर ७० सें.मी. लागतील. वर-खाली चढ हळूहळू सुरू होण्यासाठी आणि संपण्यासाठी प्रत्येकी ३० सें.मी. वेगळे धरा, नाहीतर लांब इंजिनाची चाकं अधांतरी राहतात. इगतपुरी सपाट हवी. खऱ्या स्टेशन यार्डातही १ इन ४०० पेक्षा तीव्र उतार सहसा ठेवत नाहीत, कारण इंजिन सुटल्यावर डबे जागेवर राहायला हवेत.

कसाऱ्याला बँकर मागे लावतात तो केवळ ताकदीसाठी नाही. सगळं वजन पुढून ओढलं तर पहिल्या कपलिंगवर ताण असह्य होतो, मागून रेटल्यावर तो वाटला जातो. तुमच्याकडे डबे उतरतात कारण ते हलके आहेत आणि वळणावर दोन्हीकडून दाबले जातात. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेकारांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे आयसीएफ डब्याचं वजन साधारण १६५ ग्रॅम हवं. कमी भरलं तर शिशाचे किंवा लोखंडाचे तुकडे डब्याच्या तळाशी, मध्यभागी चिकटवा. मग दोन्ही इंजिनं सुटी चालवून मीटरभराचा वेळ मोजा. डीसीसी (डिजिटल नियंत्रण) असेल तर सीव्ही (इंजिनातल्या सेटिंग) २, ५ आणि ६ बदलून वेग जुळवा आणि बँकरचं बॅक-ईएमएफ (वेग आपोआप कायम राखणारी सोय) बंद करा. ते चालू असलं की पुढचं इंजिन चढावर मंदावलं तरी बँकर आपला वेग सोडत नाही आणि मधले डबे बाहेर फेकतो. साध्या डीसीवर एकाच मॉडेलची दोन इंजिनं वापरा.

इगतपुरीच्या मुंबईकडच्या टोकाला एक क्रॉसओव्हर (दोन लाइनी जोडणारा रूळ) आणि इंजिनापुरती साईडिंग विसरू नका. बँकर तिथे सुटतात आणि रिकामे कसाऱ्याला उतरतात. ही परतीची फेरीही वेळापत्रकात धरा. तिच्यामुळे घाटातली लाइन अडते आणि वर यायला निघालेल्या गाडीला थांबावं लागतं.

प्रश्न : सिग्नल नेमके कुठे लावायचे?
– एक वाचक, सातपूर

होम सिग्नल (स्टेशनात येणाऱ्या गाडीसाठी) स्टेशनातल्या पहिल्या पॉइंटच्या बाहेर. स्टार्टर (सुटणाऱ्या गाडीसाठी) प्रत्येक लाइनीला स्वतंत्र, फाउलिंग मार्कच्या आत. ॲडव्हान्स स्टार्टर शेवटच्या पॉइंटच्या पुढे, आणि तिथून ब्लॉक सेक्शन (पुढच्या स्टेशनापर्यंतचा टप्पा) सुरू. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम मोडू नका. लूपसाठी होमवर पिवळा आणि त्यासोबत पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ लागते. मेन लाइनला ती ओळ विझलेली असते. रंगीत दिव्यांच्या सिग्नलपुढे १२० मीटरचा ओव्हरलॅप (गाडी सिग्नल ओलांडून थोडी पुढे गेली तरी धडकू नये म्हणून सोडलेला रूळ) मोकळा ठेवतात. एचओमध्ये तो १.३८ मीटर होतो, तेवढी जागा नसते. २० सें.मी. ठेवा, पण ठेवाच.

प्रश्न : पावसाळ्यात रुळांना बाक येतो.
– एक वाचक, पंचवटी

रुळापेक्षा लाकूड जास्त हलतं. प्लायच्या कडा आणि खालची बाजूही रंगवा, उघडी बाजू ओल ओढते. दर मीटरला सांध्यात अर्ध्या मि.मी.ची फट सोडा, तो सांधा डाग देऊन पक्का करू नका, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर जोडा.