सत्तरच्या दशकातलं 'स्वीट सोल' त्याच पिढीपुरतं का राहिलं?

सोल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं, चर्चमधून आलेलं गाणं, आणि स्वीट सोल हा त्यातला संथ, हळवा बाज. त्यातल्या डेल्फॉनिक्स आणि स्टायलिस्टिक्स या गटांची नावं घेऊन तुम्ही विचारलंय की जेम्स ब्राउन किंवा अरीथा फ्रँकलिनसारखे सोलचे बडे गायक आजच्या पोरांनाही माहीत असतात, मग ही मंडळी साठी-सत्तरीतल्या श्रोत्यांकडेच का उरली? थोडं उत्तर गाण्यांत आहे, बरंचसं रेडिओत. मी लॉस एंजेलिसच्या परिसरात राहतो, तेव्हा रेडिओबद्दल जरा जास्तच बोलेन.

हा बाज मुख्यतः फिलाडेल्फियाचा. डेल्फॉनिक्सचं 'ला-ला मीन्स आय लव्ह यू' 1968 चं, संगीत थॉम बेलचं. बेल लहानपणी पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला. चर्चमधून आलेली सोलची आरोळी आणि घाम त्याने बाजूला ठेवला. व्हायोलिनं, फ्रेंच हॉर्न, दबके ड्रम आणि या सगळ्यावर डेल्फॉनिक्सच्या विल्यम हार्टचा फॉल्सेटो, म्हणजे पुरुषाने बाईच्या पट्टीत चढवलेला बारीक आवाज. स्टायलिस्टिक्सच्या 'यू मेक मी फील ब्रँड न्यू'मध्ये तर बेलने इलेक्ट्रिक सतारही वाजवून घेतली. (आपल्या सतारीशी तिचं नातं नावापुरतंच, पण तिथे शोभते छान.)

शब्द पाहिलेत तर त्यांत समाज नाही, चळवळ नाही, फुशारकीही नाही. 'मला सोडून जाऊ नकोस' एवढंच, तेही अगदी गयावया करून. शाळेच्या जिममधल्या नाचात शेवटी दिवे मंद करून लावायची ही गाणी. सोळाव्या वर्षी ती कोणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून ऐकली, की त्या गाण्याला त्या माणसाचं नाव चिकटतं. जेम्स ब्राउन ऐकायला असं कोणी सोबत लागत नाही. पुढे सत्तरच्या मध्यावर डिस्को आला आणि संथ गाण्यांना नाचाच्या फरशीवर जागा उरली नाही. ती रात्रीच्या रेडिओवर गेली आणि आपल्या श्रोत्यांबरोबर म्हातारी झाली.

इथवर तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत मात्र गोष्ट वेगळी घडली, आणि त्यात आर्ट लाबो या निवेदकाचा मोठा हात होता. पन्नासच्या दशकात हा गृहस्थ ड्राइव्ह-इन हॉटेलांतून थेट प्रक्षेपण करायचा आणि जमलेल्या पोरापोरींना विचारायचा, गाणं कोणासाठी लावू? 1959 मध्ये त्याने 'ओल्डीज बट गुडीज' नावाची तबकडी काढली. तिच्यातली बरीच गाणी तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांची होती, तरी 'जुनी' म्हणून खपली! म्हणजे हळहळ आधीपासूनच तयार होती, स्वीट सोल नंतर येऊन तिच्यात बसलं.

विविध भारतीवरची 'जयमाला' आठवा, फौजी भाईंच्या फर्माईशींची. लाबोच्या कार्यक्रमाचा गाभा तोच, फक्त इथे पलीकडे बहुधा तुरुंगातला नवरा किंवा मुलगा असायचा. बायको फोनवर त्याचं नाव सांगायची, लाबो तिला हवेतून पापा द्यायला लावायचा आणि मग गाणं. 2022 मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी तो वारला, तोवर हे चालूच होतं. तुरुंगातल्या बापासाठी दर आठवड्याला लागणारं गाणं घरातल्या पोराचंही होणारच की.

दुसरा धागा लोरायडरचा. जमिनीला टेकेल इतकी खाली केलेली, चकचकीत रंगवलेली जुनी शेव्हरोले, तिथल्या व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावर मुंगीच्या चालीने. त्या वेगाला संथ गाणंच लागतं. अनेक शहरांनी अशा फेरफटक्यावर बंदी घातली होती. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने 1 जानेवारी 2024 पासून ती उठली. गाडी काकाकडून पुतण्याकडे जाते, तेव्हा डॅशबोर्डमधली गाणीही जातात. गायक ब्रेंटन वुडची देशभर गाजलेली गाणी 1967 ची, पण इथल्या ओल्डीज मैफलींत आजी, आई आणि नात तिघी त्याच्या ओळी एकदम म्हणतात.

त्यामुळे हे संगीत ऐकणाऱ्यांना बांधलेलं आहे हे खरं, पण ते ऐकणारे एकाच वयाचे आहेत असं मला वाटत नाही. बाकीच्या जगानेही ते ऐकलंय, फक्त नकळत. फ्यूजीस या हिप-हॉप गटाचं 1996 चं 'रेडी ऑर नॉट' ज्या धृपदावर उभं आहे ते डेल्फॉनिक्सचं. सॅन डिएगोच्या दी सेक्रेड सोल्ससारखे तरुण गट आज त्याच वळणाची नवी गाणी करतात. मला ती आवडतात, पण जरा जास्तच सांभाळून केलेली वाटतात.

सुरुवात करायची असेल तर बारबरा मेसनचं 'येस, आय'म रेडी' (1965) ऐका. पोरीने किशोरवयात स्वतः लिहिलेलं. तिचा सूर एक-दोनदा डळमळतो, आणि तो कोणी दुरुस्त केला नाही हे फार बरं झालं. त्यानंतर चाय-लाइट्स या गटाचं 'ओह गर्ल' ऐका. स्टायलिस्टिक्स सगळ्यात शेवटी, नाहीतर पहिल्याच दिवशी गोडाने तोंड मिटेल.